वाट मागायचा नारळ

नारळ कुणी घेऊन जायचा, ह्यावरनं आमच्या घरात दिवाळीतच जुंपली.

दरसाल मालक जायचे. मालक म्हंजे आमचे, भिमराव. कळंबला आमचं रान ओढ्याला लागून, पार आत, आन् डांबरी सडक बाहेर. मधी पडतं तात्यांचं रान. तात्या म्हंजे दादासाहेब, माझे थोरले चुलत दीर. त्यांचा ऊस आधी तुटतो, मग त्यांच्या मोकळ्या रानातनं आमचा बाहेर निघतो. त्यासाठी आतल्यानं बाहेरल्याकडं नारळ घेऊन जायचं आन् वाट मागायची. बाहेरल्यानं नारळ घरात ठिवायचा, तोडीच्या दिशी बांधाला आपल्या हातानं पयलं खोरं घालायचं, बांधाकडंची पाण्याची चारी बुजवायची आन् तोच नारळ तितं फोडायचा. ऊस गेला की आतल्यानं बांध परत घालून द्यायचा. नारळ एकदा घरात घेतला की वाट न्हाय म्हणायचं न्हाय, असा आमच्या भावकीचा दंडक. सासऱ्यांच्या आधीपासनं हे असंच चालत आलंय.

पर गेल्या साली तात्यांनी लई अंत बघितला. मालक सकाळी नारळ घेऊन गेले तर तात्या सोप्यात टीव्ही बघत बसलेले. "बस भिमा, आलोच," म्हणले आन् आलेच न्हायत. माझी थोरली जाऊ, सारजाक्का, च्या घेऊन बाहेर निघाली तर तिला आतनं हाक, आधी मला दे म्हणून. मालक ओट्यावर ऊन चढंपातुर बसले आन् नारळ घेऊन माघारी आले. दुसऱ्या दिशी बी तसंच. शेवटी नारळ घेतला, तो बी बांध वाकडा घालतोस म्हणून चार शब्द सुनावून. मालकांनी मान हलवली. ह्या माणसाचं निम्मं आयुष्य मान हलवण्यात गेलंय, त्यावर मी काय बोलू?

हे सगळं आमच्या संदेशनं बघितलं. संदेश माझा एकुलता एक. पुण्यात पेठेत खोली घेऊन लई वरसं सरकारी परीक्षा देत व्हता. एकदा तर मुलाखतीपातुर गेला, तितनं माघारी आला. आता रान बघतोय. राज्यघटनेचं पुस्तक त्याला तोंडपाठ. गावातली पोरं त्याला "सायब" म्हणून हाक मारत्यात, आन् ती हाक काय चांगल्या मनानं मारलेली नसती. तर ह्या दिवाळीत मालकांनी नारळ आणला तवा संदेश म्हणला, न्यायचा न्हाय. त्यानं गावाचा नकाशा काढून आणलेला. त्यात तात्यांच्या रानातनं, बरोबर मधनं, जुनी गाडीवाट दाखवलेली. हक्काची वाट नारळ देऊन कोण मागतं, असं त्याचं म्हणणं. मालक म्हणले, जाऊ दे रं, चार पावलं गेलो तर काय झिजतंय. बापलेक रातच्याला एकमेकांशी बोलंनात. नारळ फळीवरच ऱ्हायला, आन् संदेश तहसीलदारांकडं अर्ज देऊन आला.

तहसीलदारसाहेब स्वतः आले. तरणा माणूस, बूट चिखलात, पर कुरकुर न्हाय. नकाशा बघितला, पावलं टाकून बघितली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना इचारलं. तात्या डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे. खोटं कशाला बोलू, माझं काळीज गार झालं. आठ-पंधरा दिसांत हुकूम आला, वाट मोकळी करा म्हणून. संदेशनं मला तो वाचून दाखवला आन् मी देवापुढं साखर ठिवली.

साखरंला मुंग्या लागायच्या आत तात्या प्रांतांकडं गेले. प्रांत म्हंजे तहसीलदारांच्या वरचे. ते म्हणले, थांबा, मी ऐकून घेतो. झालं, वाट थांबली. मग त्यांनी दोघांचं ऐकलं आन् म्हणले, तहसीलदारांचं बरोबर हाय, करा मोकळी. मी संदेशला इचारलं, मग मधी थांबवली कशाला? तर म्हणला, आई, तपासायला नको का? मी म्हणलं, बरं.

वाट करायला जेसीबी आला तो दीस माझ्या डोळ्यापुढनं हलत न्हाय. तलाठी, दोन पोलीस, निम्मं गाव. तात्यांचा ऊस रानात उभा, डोक्याच्या वर गेलेला. जेसीबी ओढ्यातनं, जितनं भरली ट्रॉली कधी निघत न्हाय, आमच्या बाजूनं घुसला आन् ऊस आडवा करत निघाला. ऊस मोडल्याचा आवाज लई वाईट असतो. दुसऱ्याचा असला तरी. सारजाक्का बांधावर बसून नुसती बघत व्हती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. जेसीबी निम्म्यात आला आन् तात्या मोटरसायकलवरनं कागद हलवत आले, घामानं सदरा चिकटलेला. कोर्टाचा हुकूम. पोलिसानं वाचला, तलाठ्यानं वाचला, तहसीलदारांना फोन लावला.  कोर्टानं सांगितलं व्हतं, जैसे थे. जे जसं हाय तसं ठिवायचं, कुणी कशाला हात लावायचा न्हाय.

जेसीबीवाल्याचं बकेट वरच उचललेलं. त्यानं खाली बघून इचारलं, गाडी म्हागं घेऊ का, का ती बी हितंच जैसे थे? लोक हसले. पोलिसाला बी नीट सांगता येईना. त्यानं परत फोन लावला आन् मग जेसीबी माघारी गेला.

तर आमच्या बाजूनं निम्मी वाट मोकळी, सडकंच्या बाजूनं निम्मी वाट उसात. म्हंजे वाट हाय पर जात कुठंच न्हाय. पाडलेला ऊस तसाच पडलेला. सारजाक्का गुरांसाठी त्याची वाढी, म्हंजे हिरवं शेंडं, उचलायला गेली तर तात्या तिच्यावर खेकसले, हुकूम मोडतीस का म्हणून. तो ऊस तितंच वाळून लाल झाला. आमच्या म्हशी दावणीला बांधलेल्या, मान वर करून तिकडं बघायच्या, पर आमची बी हिंमत झाली न्हाय. पोलीस पाटलानं मोबाईलवर सगळ्याचे फोटो काढून ठिवलेले.

मी संदेशला म्हणलं, तहसीलदार म्हणतो वाट दे, प्रांत म्हणतो दे, मग हे कोर्ट कोण मधीच? तवा त्यानं मला बसवून समजावून सांगितलं. त्या दिशी त्याचं तोंड परीक्षेला बसल्यागत उजळलेलं. म्हणला, आई, चुलीला तीन दगड असत्यात ना? एक कायदा करणारे, ते आमदार. एक कायदा चालवणारे, ते तहसीलदार, प्रांत. एक तपासणारे, ते कोर्ट. तिघं एकमेकांना आवरून धरत्यात, म्हणून कुणी एक माजत न्हाय. मला चुलीचं कळलं. पर मी म्हणलं, तिन्ही दगड जाग्यावर बसल्यात, मग भाकरी कुणी थापायची? तो नुसता हसला.

मधी आमदारांची सभा झाली देवळापुढं. त्यांनी सांगितलं, शेताच्या वाटांचा प्रश्न मी सभागृहात मांडलाय, प्रत्येक रानाला वाट मिळंल असा कायदा करायला लावतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बघितलं तर तात्या बी वाजवत व्हते. आता हा माणूस टाळ्या कशाला वाजवत असंल, ह्याचा मी घरी येऊपातुर इचार केला.

दीस काय कुणासाठी थांबत न्हायत. पहाटं धारा काढायच्या, मालक दुधाची किटली मोटरसायकलला बांधून बांधावरनं तोल सांभाळत डेअरीला जायचे. कांद्याची खुरपणी, रात्रपाळीच्या लाईटीला मोटार. आन् ह्या सगळ्यात डोळ्यापुढं ऊस. आडसाली लागण आमची, दीड वरीस अंगाखांद्यावर वाढवलेली. खुरपलं, बांधणी केली, पाचटानं हात कापून घेतलं. आमचं वरीसच त्या उसावर उभं असतंय. जानेवारीत त्याला तुरं आलं. लांबनं बघायला लई छान दिसतं. शेतकऱ्याला इचारा, तुरा आला की ऊस आतनं पोकळ पडाय लागतो आन् रोज हलका व्हतो. कारखाना बंद व्हायच्या आत गेला तर गेला, न्हायतर उन्हाळ्यात त्याचं नुसतं जळण.

आन् मग दीपक आला. दीपक म्हंजे कारखान्याचा चिटबॉय, कुणाचा ऊस कवा तुटणार ते सांगणारा. म्हणला, काकी, तुमचा नंबर आलाय, पर गाडी आत येत न्हाय तर तोड देता येत न्हाय. मी म्हणलं, ठाऊक हाय बाबा, पुढं बोल. तर म्हणला, तात्यांची बी तोड बंद.

झालं व्हतं असं की तात्यांनी कोर्टाच्या हुकमाची नक्कल कारखान्याच्या शेतकी हापिसात नेऊन दिलेली. आमच्या उसाची गाडी त्यांच्या गटातनं जाऊ नये म्हणून. हापिसातल्यानं हुकूम वाचला. त्यात तात्यांचा अख्खा गट नंबर लिहिलेला, कारण रागाच्या भरात वकिलाला सांगताना तात्यांनी सगळं रानच सांगितलं. मग हापिसानं गटापुढं "वाद चालू" असं टाकलं आन् त्यांचाच ऊस तोडायचा बंद केला. दुसऱ्याची वाट अडवायला गेले आन् स्वतःच त्यात गुतले.

मी इतकी हसले की म्हशीच्या पाठीला धरून उभी ऱ्हायले. डोळ्यातनं पाणी आलं. मालक मात्र गव्हाणीच्या कठड्यावर बसलेले. हळू म्हणले, त्याचा तुटला न्हाय तर आपला कुठनं बाहेर येईल? माझं हसू तितंच मेलं.

दुसऱ्या दिशी दुपारच्याला बापलेक दोघं रानात गेल्यावर मी फळीवरनं नारळ काढला. धुतला, पुसला, डोक्यावरनं पदर घेतला आन् तात्यांच्या ओट्यापुढं जाऊन उभी ऱ्हायले. तात्या ओट्यावर एकटेच. आतला टीव्ही बंद. माणूस महिनाभरात निम्मा झालेला.

मी नारळ त्यांच्यापुढं ठिवला. "तात्या, वाट मागायला आले."

ते नारळाकडंच बघत ऱ्हायले. "भिमा न्हाय आला?"

"त्यांनी लई खेपा घातल्या ह्या ओट्याला. आता मी आले."

मला वाटलं चिडतील. चिडले न्हायत. म्हणले, "सिंधू, दिली असती गं. देवाशपथ दिली असती. पर वाट आता माझ्या हातात ऱ्हायली न्हाय. मीच कोर्टाला म्हणलं, कुणाला हात लावू देऊ नका. त्यांनी मला बी त्यातच धरलं."

वकील त्यांना सांगून गेलेला, तुमी स्वतः जरी बांधाला खोरं लावलं तरी तुमीच आणलेला हुकूम तुमीच मोडला असं व्हईल.  ज्याच्यापुढं मान वाकवायची म्हणून आमच्या घरात एवढं रामायण झालं, त्याच्या हातात काय उरलेलंच न्हाय. नारळ दोघांच्या मधी तसाच. ते घेईनात आन् ने बी म्हणनात. शेवटी सारजाक्का आतनं आली, नारळ पदरानं पुसला आन् म्हणली, देव्हाऱ्यात ठिवते, बघू पुढचं पुढं. तात्या तिला न्हाय म्हणले न्हायत.

घरी मी संदेशला सांगितलं. वाटलं, आकाश-पाताळ एक करंल. तर तो म्हणला, मग आता दोघांनी मिळून अर्ज करू.

तवापासनं आमची वरात निघाली. तात्या, संदेश आन् मी, एकाच जीपमधनं तालुक्याला. तितं आमचा वकील आन् तात्यांचा वकील एकाच टपरीवर च्या पीत बसलेले. मला ते बघून कसंतरीच झालं, पर संदेश म्हणला त्यात काय वाईट न्हाय. वकील म्हणले, तडजोड झाली तर उत्तमच, लिहून देऊ, पर हुकूम उठवायचा तो न्यायाधीशसाहेबांनीच. साहेबांची बदली झालेली, नवे आले न्हायत. शेजारच्या कोर्टातले साहेब नुसतं तातडीचं बघत्यात. मी म्हणलं, आमचा ऊस वाळतोय, हे तातडीचं न्हाय का? वकील म्हणले, मावशी, तितं जेलातल्या माणसांचं बघत्यात.  जेलातल्या माणसाला कसं म्हणावं तू थांब.

तिथनं तहसीलदारांकडं. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. म्हणले, वाट मीच दिली व्हती, पर आता कोर्टात हाय, मला काय करता येत न्हाय. प्रांतांच्या हापिसात तेच. मग आमदारांच्या माणसाला गाठलं. तो म्हणला, न्यायप्रविष्ट हाय, त्यावर सभागृहात बी बोलता येत न्हाय. कुणी वाकडं बोललं न्हाय, कुणी हात पुढं केला न्हाय, सगळ्यांचं म्हणणं एकच. आन् ज्याच्यावर रागवावं असा एक माणूस घावंना. तात्यांवर रागवायची माझी किती वरसांची सवय, ती बी मोडली. ते माझ्या शेजारी बाकड्यावर बसलेले, माझ्याच फडक्यातली भाकरी खात.

भाकरी खाता खाता त्यांनी संदेशला इचारलं, "सायब, मग ह्यात मोठं कोण?" आन् ते "सायब" चेष्टेनं न्हवतं.

"कुणीच मोठं न्हाय तात्या. तशीच रचना हाय."

"मग ऐकायचं कुणाचं?"

"सगळ्यांचं," संदेश म्हणला.

तात्यांनी ठेचा भाकरीला लावला आन् खाली मान घालून खात ऱ्हायले. 

माघारी येताना मी त्याच्यावर तोंड टाकलं. कुणी सांगितलं व्हतं तुला नकाशे काढायला, एक नारळ नेला असता तर आज ऊस कारखान्यात असता, असं काय काय बोलले. तात्या पुढच्या सीटवर, त्यांना सगळं ऐकू जात व्हतं.  मग जीपमधनं उतरल्यावर, तात्या त्यांच्या घराकडं वळल्यावर संदेश म्हणला, "आई, तुला ओटाच बरा वाटतो का? तितं एकच माणूस व्हता. त्याच्या मनात आलं तर वाट, न्हायतर बसून ऱ्हावा. आबांना त्या ओट्यावर ऊन चढंपातुर बसवून ठिवलं तवा कुणाकडं दाद मागायची व्हती?"

 त्याचं बी बरोबर व्हतं. तहसीलदाराचं बरोबर, कोर्टाचं बरोबर, तात्यांना दाद मागू दिली ते बी बरोबर. उद्या तहसीलदारानं आमच्याच रानातनं जेसीबी घातला तर मी बी कोर्टातच धावंन. सगळ्यांचं बरोबर असताना ऊस कसा वाळतो, हे मला काय कळंना. चुलीपुढं बसले तर भाकरी करपायची. म्हशीला आंबोण ठिवायचं सोडून मी नुसतीच पाटी घेऊन उभी ऱ्हायचे.

ऊन वाढलं. उसाचं पाचट खडखडाय लागलं. मालक रोज सकाळी एक ऊस मोडून दातानं सोलायचे, चघळायचे आन् थुंकायचे. गोड हाय का इचारलं तर मान हलवायचे, पर हो का न्हाय ते कळायचं न्हाय.

मार्च लागला आन् नव्या न्यायाधीशबाई आल्या. आमची पुकार झाली. बाईंनी तात्यांना इचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव हाय का? तात्या म्हणले, न्हाय. मग मला जवळ बोलावून तेच इचारलं. मी बी न्हाय म्हणलं. एवढ्या सगळ्यात मला एकटीला कुणी इचारलं न्हवतं. वाट मोकळी, हुकूम उठला, वाद संपला. चपला शोधून पायात घालायला त्यापरास जास्ती येळ लागला. बाहेर आल्यावर तात्या संदेशला म्हणले, एवढंच व्हतं व्हय? 

हुकमाचा कागद कारखान्यात देऊन दीपकला घेऊनच आमी रानात आलो. दीपकचं तोंड उतरलेलं. म्हणला, ऊस संपलाय सगळीकडचा, ह्या हप्त्यात कारखाना बंद व्हतोय. टोळीवाल्यांनी गावाकडं जायला बोचकी बांधलेली, मुकादमाच्या हातापाया पडून एक टोळी थांबवलीय. पर ती एकच रान तोडील. "कुणाचं घालू, तेवढं सांगा."

बांधावर आमी सगळे उभे. मालक, मी, संदेश, तात्या, सारजाक्का. टोळीतल्या बाया कोयतं घेऊन खाली बसलेल्या. सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं. बघणारच. त्यांचं रान पुढं, त्यांची नोंद आधीची, दरसाल आधी त्यांचाच तुटतो. त्यांनी त्यांचा घाला म्हणलं असतं तर कुणाच्या तोंडातनं शब्द निघाला नसता. संदेशच्या हातात हुकमाचा कागद व्हता. त्यानं तो परत उघडला, वरपासनं खालपातुर बघितला आन् घडी घातली.

"ह्यावर काय लिहिलेलं न्हाय," तो म्हणला.

तात्या वळले आन् घराकडं गेले. मला वाटलं, झालं, परत ओटा.  मालक खाली मातीकडं बघत व्हते. तवढ्यात तात्या माघारी आले. एका हातात खोरं आन् दुसऱ्या हातात नारळ. नारळावर देव्हाऱ्यातलं हळद-कुंकू. त्यांनी सडकंकडच्या बांधाला खोरं घातलं, चार-पाच घाव घातलं, माती चारीत ओढली आन् नारळ दगडावर आपटला. पाणी आटलेलं, खोबरं मात्र चांगलं निघालं.

"वाटंपुरता माझा काढा," ते मुकादमाला म्हणले, "आन् आत जाऊन भिमाचा तोडा."

सारजाक्काच्या तोंडातनं निघून गेलं, "आन् आपला?"

तात्या तिच्यावर खेकसले. "नारळ घरात कुणी नेला व्हता? मी का तू?"

असं म्हणून ते खोऱ्यावर हात टेकून उभे ऱ्हायले, सगळ्यांकडं पाठ करून. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आन् वाटलं म्हणूनच मी पडले न्हाय. नुसतं खोबरं वाटत सुटले. संदेशच्या हातावर तुकडा ठिवला तर तो तसाच हातात धरून उभा.

टोळीनं पटापटा वाटंवरची पट्टी काढली. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आत गेला. संदेश मोळ्या उचलायला लागला, त्याच्या मानंला पाचटानं ओरखडं आलं, पर तो थांबला न्हाय. आमचा ऊस हलका भरला, पर गेला. सगळा गेला. शेवटची ट्रॉली सडकंला लागली आन् दुसऱ्या दिशी कारखान्याचा भोंगा वाजला, बंद झाल्याचा.

आमचं रान मोकळं झालं आन् मग पलीकडं तात्यांचा ऊस उघडा दिसाय लागला. वाटंच्या दोन्ही अंगाला उभा, वर पांढरं तुरं.  मालकांना म्हणलं, आता ह्याचं काय? त्यांनी मान हलवली न्हाय. म्हणले, वालचंदनगरच्या वाटंला गुऱ्हाळ चालू हाय, तोडून नेला तर घेतील.

दुसऱ्या दिशी सकाळी धारा झाल्या. मालकांनी च्या बी घेतला न्हाय. मेढीच्या खांबाला अडकवलेला कोयता काढला आन् नव्या वाटंनं चालाय लागले. मी पदर खोचून म्हागं. संदेश म्हागनं आला, हाताला फडकं गुंडाळून. तात्यांच्या रानात शिरलो आन् कडंच्या सरीपासनं तोडाय लागलो. ऊस बुडातनं तोडायचा, पाचट सोलायचं, शेंडा उडवायचा. ही कामं आता अंगवळणी ऱ्हायली न्हायत, टोळ्या आल्यापासनं कुणी करत न्हाय. कंबर लगीच बोलाय लागली.

तात्या सदऱ्याची बटणं लावत धावत आले. "अरं, हे काय लावलंय? कुणी सांगितलं तुमाला?"

मालक वाकलेलेच. तोडलेला ऊस म्हागं टाकला, कोयत्याची मूठ पुसली आन् वर न बघता म्हणले, "बसा तात्या, आलोच."

तात्या उभेच ऱ्हायले. मी पदर तोंडाला लावला, मला हसू आवरंना आन् रडू बी. तात्यांनी एकदा मालकांकडं बघितलं, एकदा घराकडं. मग घरात गेले आन् कोयता घेऊन आले. सारजाक्का किटलीतनं च्या घेऊन आलीच व्हती. पयला कप तिनं मालकांच्या हातात दिला, दुसरा तात्यांना. तात्यांनी तो उभ्या उभ्याच घेतला आन् माझ्या शेजारच्या सरीला लागले.